चौकड्यांच्या फडक्यातली वाडी

आश्विनातलं ऊन गच्चीवर पसरलं की माझे हात अजून दगड शोधतात. नदीतले, गुळगुळीत, तळहातात मावतील एवढे. निवृत्तीनंतरचा हा तिसरा आश्विन. वाळत घालायला माझ्याकडे आता दोन गाद्या, डब्यातली कडधान्यं आणि पावसाळ्यात कपाटामागे बुरसलेली माझीच काही पुस्तकं, एवढाच ऐवज आहे. पुस्तकं मधोमध उघडून ठेवतो, वाऱ्याने पानं उलटायला लागतात, मी इकडेतिकडे बघतो आणि शेवटी पायातल्या चपला काढून त्यांच्यावर ठेवतो. बायको म्हणते, "विद्येवर चपला ठेवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते." विद्येवर याहून वाईट गोष्टी मी ठेवल्या आहेत. शिक्का, उदाहरणार्थ.

मी ज्या कचेरीत नोकरी केली ती पेणला होती की रोह्याला, हे सांगत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत आणि संध्याकाळी मला त्यांच्याबरोबर चहा प्यायचा असतो. पेणकरांना ती पेणची वाटेल, रोहेकर म्हणतील आमचीच. दोन्ही खरं धरून चालावं. ही कचेरी जुन्या कागदांची. आसपासच्या गावांतले जन्म-मृत्यू, जमिनी, मिठागरं, खाडीचा बांध फुटल्याचे पंचनामे, कुणी कुणाच्या विहिरीत मेलेलं वासरू टाकल्याची तक्रार, असं पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं. लोकांना यातलं एरवी काही लागत नाही, आणि लागतं तेव्हा कालच लागलेलं असतं. खिडकीशी अर्ज द्यायचा, आम्ही शोधायचं. सापडलं तर नक्कल, नाही सापडलं तर 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला. दोन्हींवर सही माझी. सही करायला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो, ही त्या नोकरीतली सोय होती.

कोकणात पाऊस छपरातून गळला नाही तरी कागदाला गाठतो. हवेतून येतो. भाद्रपद संपेपर्यंत वह्यांची पानं एकमेकांना धरून बसलेली असत आणि कसर म्हणजे ती रुपेरी कीड कोपऱ्याकोपऱ्यात आपलं वाचन संपवत आणत असे. म्हणून दसरा झाला की दप्तराला ऊन द्यायचं. हा कुठल्याही परिपत्रकातला नियम नव्हता. आमचे दफ्तरी इस्माईलभाई गच्चीवर जाऊन उघडा तळवा लादीवर टेकवत, तव्याचा अंदाज घ्यावा तसा, आणि खाली येऊन सांगत, "उद्यापास्नं." साहेब कोणीही असो, त्या चार दिवसांचा मुहूर्त इस्माईलभाईंचा.

इस्माईलभाई खाडीकाठच्या गावातले. घरातली निम्मी माणसं आखातात, हे मात्र कागदांत. वडील गावकामगार, त्यांच्या मांडीवर बसून हे मोडी शिकले. मी मोडीचा सहा महिन्यांचा वर्ग केला होता. माझं प्रमाणपत्र भिंतीवर होतं. कठीण अक्षर आलं की मी ती वही घेऊन त्यांच्याकडे जाई. ते प्रमाणपत्राकडे एकदा बघत आणि मग वाचून दाखवत. एवढंच. ते कधी काही बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दप्तर ज्या फडक्यात बांधतात त्याला कचेरीत रुमाल म्हणतात. सरकारी रुमाल फार पूर्वीच फाटले होते. नव्यांची मागणी आम्ही दरवर्षी करत होतो, आणि त्या मागणीपत्रांचाच एक जाडजूड गठ्ठा झाला होता. तोवर इस्माईलभाई घरून फडकी आणत. बायकोच्या जुन्या साडीचं, पडद्याचं, पिठाच्या गोणीचं. भावाने कुवेतहून आणलेली हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांची लुंगी विरली तेव्हा तिचाही रुमाल झाला. वडखळकडची गावं जांभळ्या साडीत, जित्याकडची पिठाच्या गोणीत, मिठागरांचे कागद पडद्याच्या फुलाफुलांत. कासूच्या पलीकडच्या वाड्या कुवेतच्या लुंगीत. अनुक्रमांकाची यादी माझ्या टेबलावर असे. पण कुणी गावाचं नाव घेतलं की इस्माईलभाई यादीकडे न बघता त्या अंधाऱ्या खोलीत शिरत आणि फडकं ओळखून गठ्ठा घेऊन येत. मला ही पद्धत गबाळी वाटायची. यादी माझ्या अक्षरात होती ना.

गठ्ठे वर वाहायला आणि पानं पालटायला वाडीवरच्या चार बायका रोजावर येत. त्यांतली बुधी मला जास्त आठवते. कासूच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी तिची कातकरी वाडी, जुन्या कागदांत 'काथोडी' लिहिलेली. भातकापणीचे दिवस, कापणी सोडून ती ह्या कामाला येई, कारण इथे कमरेत वाकावं लागत नसे. गच्चीवर ओळीने वह्या उघडून ठेवलेल्या, प्रत्येकीवर दोन दगड, आणि ह्या बायका ओळींमधून बसत सरकत, दगड उचलायचा, पान पालटायचं, दगड ठेवायचा. खालून शेतातल्या ओल्या पेंढ्याचा वास येई, वरून चतुर उडत. गच्चीच्या कठड्यावर खंड्या बसून हे सगळं तपासणीला आल्यासारखं बघे. एका सुरात पानांचा आणि दगडांचा बारीक आवाज. अक्षर एकीलाही येत नव्हतं. तालुक्याचा सगळा इतिहास दरवर्षी त्यांच्या हाताखालून जाई.

"बुधे, हलक्या हातानं गो. पापड नाय तो," इस्माईलभाई म्हणत.

"पापड असता तर आतापावेतो खाल्ला असता, चाचा. ह्याला कसर पण जपून खाते."

एका वर्षी मी तिथेच सावलीत खुर्ची टाकून बसलो होतो. बुधीच्या पुढ्यात एक अरुंद, लांबट वही होती, दुधाच्या हिशेबाची असावी तशी. तिने विचारलं, "ही कोनाची?" ती प्रत्येक वहीचं विचारी. इस्माईलभाईंनी चश्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाकून वाचलं.

"तुमचीच हाय. तुमची वाडी. हे बघ, हिरू नवशा काथोडी यास मुलगा. हिरू म्हंजे तुझ्या नवऱ्याचा आजा ना? मग हा मुलगा म्हंजे तुझा सासरा. गोमा."

बुधीने दगड हातात घेतला होता तो तसाच राहिला. दुसऱ्या हाताने तिने पदर डोक्यावर ओढून घेतला.

बाकीच्या बायका हसायला लागल्या. "अगो, मेला तो कवाचा."

"मेला म्हनून काय झालं? सासरा हाय," बुधी म्हणाली. आणि ते पान पालटेपर्यंत पदर खाली घेतला नाही.

मला तेव्हा गंमत वाटली. चार ठिकाणी सांगण्यासारखी. मी ती चार ठिकाणी सांगितलीही.

त्या चार दिवसांत खिडकीवर गर्दी नसे, कारण गर्दी गच्चीवर असे. दप्तर उन्हात आहे ही बातमी बाजाराच्या दिवशी गावोगाव जाई. मग कुणी म्हातारा नातवाचा हात धरून वर येई, कुणी आखातातून सुट्टीवर आलेला माणूस अत्तराच्या वासासकट येई, आगऱ्यांच्या बायका खाडीवरून येत. "आमचा आजा हाय का बघा," म्हणत. अर्ज नाही, तिकीट नाही. इस्माईलभाई ओळीतून चालत जाऊन वाचून दाखवत. कुणाचा आजा सापडे, कुणाला आपण समजत होतो त्याहून आपली आजी पाच वर्षांनी मोठी असल्याचा शोध लागे. एकदा एकाच भावकीतली दोन माणसं हमरीतुमरीवर येऊन गच्चीवर चढली आणि पणजोबाची एकच ओळ ऐकून गप्प होऊन उतरली. जनतेने अभिलेखांचा लाभ घ्यावा, असा फलक आमच्या दाराशी होता. त्याचा अर्थ मला त्या चार दिवसांत कळायचा. बाकी वर्षभर तो फलक कबुतरांना बसायला उपयोगी पडे.

मग नवीन रुमाल आले. इतक्या वर्षांच्या मागणीला एकदम फळ आलं. रुमालांबरोबर पोलादी मांडण्या, रंग, टाइल्स आणि उद्घाटन. 'अद्ययावत अभिलेख कक्ष' असा फ्लेक्स दारावर लागला. त्यावर सात फोटो होते आणि एकाही कागदाचा नव्हता. पुण्याहून एक तज्ज्ञ येऊन गेले. कागद उन्हात घालणं म्हणजे गुन्हा आहे, शाई उडते, तंतू मरतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, हे मान्य करायला हवं. दमट हवा शोषणारं एक यंत्र त्यांनी सुचवलं आणि ते आलंही. वीज असेल तेव्हा ते चांगलं चालायचं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी साहेब खोलीत आले. सगळी दप्तरं नव्या लाल रुमालांत, नव्या मांडण्यांवर. "हे वरखाली दिसतंय," साहेब म्हणाले. "फोटोत दात पडल्यासारखं दिसेल." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मांडण्यांकडे बघितलं. सुचलं ते मलाच.

"वह्या उंचीप्रमाणे लावा," मी इस्माईलभाईंना म्हटलं. "उंच उंचांबरोबर, आखूड आखुडांबरोबर. मग ओळ सरळ येईल."

इस्माईलभाई गठ्ठ्याची गाठ मारत होते. हात थांबवून म्हणाले, "भाऊसाहेब, गावं काय उंचीनं रहातात?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. कार्यक्रम झाला की परत लावू."

त्यांनी गाठ आवळली. लाल फडक्यांच्या गठ्ठ्यांवर मी यादीप्रमाणे चिठ्ठ्या डकवल्या. आत काय होतं ते आता फडक्यावरून कळणार नव्हतं, आणि चिठ्ठीवरूनही कळणार नव्हतं, पण दोन्ही एकसारखं दिसत होतं. काढलेली जुनी फडकी जमिनीवर ढिगाने पडली होती. बुधी आणि तिच्या सोबतिणी सामान हलवायला आल्या होत्या. "गोधडीला घेऊ का?" तिने विचारलं. "न्या, न्या," मी म्हटलं. जागा मोकळी होत होती.

उद्घाटन थाटात झालं. नारळ फुटला, पाणी दोन गठ्ठ्यांवर उडालं. पाहुण्यांनी आत पाऊल टाकलं, तीनदा शिंकले आणि विचारलं, "ह्यात सगळ्यात जुनं काय आहे?"

"मीच, साहेब," मागून इस्माईलभाई म्हणाले.

हशा झाला. महिनाअखेरीला ते निवृत्त झाले आणि मुलाकडे दोह्याला गेले. गठ्ठे परत लावायचे राहिले. आधी दिवाळी आली, मग तपासणी, मग आणखी काही. त्यानंतर दप्तर कधी उन्हात आलं नाही. पहिल्या आश्विनात दोनचार माणसं गच्चीचा जिना चढून वर गेली आणि रिकाम्या लाद्या बघून उतरली. नंतर तीही यायची बंद झाली.

त्याच्या पुढल्या आश्विनात बुधी खिडकीशी उभी राहिली. बरोबर तिची मुलगी, मनीषा. वाडीतली बारावी झालेली पहिली मुलगी. नर्सिंगच्या यादीत नाव लागलेलं, हातात ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं. जातीच्या दाखल्यासाठी पन्नास सालाच्या आधीचा पुरावा पाहिजे होता. पंधरा दिवसांची मुदत. तोवर नाही दिला तर जागा पुढच्या नावाला.

"माझ्या सासऱ्याचा जल्म हाय तुमच्याकडं," बुधी म्हणाली. तिने अर्जाची वाट बघितली नव्हती. "कुवेतच्या लुंगीत. बारकी वही, लांबडी. मीच पालटली हाय ती, भाऊसाब. तुमी बसला व्हता खुर्चीवर."

मी अर्ज पुढे सरकवला. "बाई, फडकं सांगू नको. गाव सांग, साल सांग."

साल तिला कुठून ठाऊक असणार. गाव तिने सांगितलं. वाडी मूळ गावाच्या हद्दीत, म्हणून मी त्या गावाचा गठ्ठा काढला. दोन दिवस खरोखर शोधलं, हे लिहिताना मी स्वतःची बाजू मांडतो आहे असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पानन्‌पान पाहिलं. आजूबाजूच्या तीन गावांचे गठ्ठेही सोडून पाहिले. अरुंद वही कुठेच नव्हती. जीर्ण होऊन नष्ट झाली असेल, असं मी स्वतःला सांगितलं, कारण आमच्याकडे जे सापडत नाही ते जीर्ण होऊन नष्ट झालेलं असतं. मोबाइल माझ्या खिशात होता, इस्माईलभाईंचा नंबर त्यात होता. रोज सकाळी ते दोह्याहून मला फुलांची चित्रं पाठवत. पण यादीबाहेर कुणाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तिसऱ्या दिवशी मी दाखला दिला. नोंद आढळून येत नाही. मनीषाने तो तिथेच उभ्याने वाचला. बुधी म्हणाली, "काय लिवलाय गो?"

"'नाय' लिवलाय."

"नाय कसा? मी बघितलाय त्याला."

"आये, चल," मनीषा म्हणाली. तिने दाखला त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, पत्राच्या मागे ठेवला. नीट ठेवला. ते नीट ठेवणं मला पुढे कितीदा तरी दिसलं.

वही सापडली ती पुढच्या माघात. जित्याकडचा एक आगरी म्हातारा मिठागराच्या बांधाचा कागद मागत आला. मी 'मिठागरे, किरकोळ' लिहिलेला लाल गठ्ठा सोडला आणि आखूड, अरुंद वह्यांच्या मध्ये ती होती. एकमेकींना अगदी शोभत होत्या. ओळ सरळ येत होती. हिरू नवशा काथोडी यास मुलगा. मोडी मी स्वतः वाचली, कुणाची मदत लागली नाही. पानाच्या कडेला दगडाच्या ओझ्याने पडलेला एक गोल, उजळ डाग होता.

त्या दिवशी मात्र मी इस्माईलभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बुधीला नाय इचारलंत?"

"ती सांगत होती. लुंगीचं."

"मंग? भाऊसाहेब, तिला सगळा दप्तर पाठ. त्या अंधारात माझी नजर चालंना तवा शेवटली दोन वरसं उनाच्या दिसांत फडकी तीच काढून द्यायची मला. मी फक्त वाचायचो." मग म्हणाले, "खैर. आता तरी नक्कल पोचवा."

इथवर जे झालं ते चूक म्हणून चालून गेलं असतं. पुढचं चूक नव्हतं. मी साहेबांकडे गेलो. साहेबांनी वही बघितली, माझ्या सहीच्या दाखल्याची कार्यालयीन प्रत बघितली, दोन्ही शेजारी ठेवली. "आधी आढळत नाही, मग आढळतं. याचा खुलासा कोण देणार? तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?" चौदा महिने राहिले होते. "मग असू दे जागेवर. कुणी अर्ज केला तर देऊ की." त्यांच्या आवाजात आपुलकी होती, आणि युक्तिवादही बिनतोड होता. अर्ज कोण करणार? नोंद नाही हे आम्हीच लिहून दिलं होतं.

मी वही योग्य गठ्ठ्यात लावली. चिठ्ठी बदलली. सुवाच्य अक्षरात. आणि चौदा महिने गप्प बसलो, त्यानंतरही बसलो. नर्सिंगचे आणखी दोन हंगाम त्यात गेले, एक माझ्या नोकरीतला आणि एक माझ्या निरोप समारंभानंतरचा, जेव्हा मला घाबरण्याचं कारणही उरलं नव्हतं, फक्त सवय उरली होती. निरोप समारंभात एका वक्त्याने मला इतिहासाचा मूक पहारेकरी म्हटलं. मूक हा शब्द त्याने सहज वापरला असावा. मी शाल सावरली.

मग निवृत्तीनंतरचा पहिला आश्विन आला. गच्चीवर पुस्तकं उघडून ठेवली, हात दगड शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी मी माझ्याच कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. खिडकीमागे नवा लिपिक होता, मला न ओळखणारा. मी म्हटलं, "कासूच्या पलीकडच्या वाड्यांचा गठ्ठा. अरुंद वही आहे, लांबट."

"काका, आकार सांगू नका, अनुक्रमांक सांगा."

अनुक्रमांक मी सांगितला. मीच घातलेला होता. अर्जात एक रकाना आहे, नोंदीतील व्यक्तीशी अर्जदाराचे नाते. इतकी वर्षं लोक तिथे नातू, पणतू, सून असं भरत आणि मी ते न वाचता शिक्का मारी. मी बराच वेळ पेन धरून उभा होतो. मागचा माणूस म्हणाला, "अहो, लिवा काय ते, शिफ्ट हाय माझी." शेवटी मी 'माजी कर्मचारी' लिहिलं. ते नातं चाललं.

कासू स्टेशनवर उतरून वाडीपर्यंत पाऊण तास चालावं लागतं. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताच्या पेंढ्या, मधून गवतात कुर्डूचे तुरे. नक्कल शर्टाच्या खिशात, घड्या घालून. दिवाळीनंतर वाडी वीटभट्टीवर जाते, त्याआधी गाठायला हवं, असं मी मनाशी म्हणत होतो. जणू घाई मलाच होती.

बुधी अंगणात होती. कुंपणावर टाकायच्या ऐवजी तिने गोधडी जमिनीवर उन्हात पसरली होती आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. गुळगुळीत, नदीतले. मी दगडांकडे बघतोय हे तिने बघितलं. "गच्चीवरलेच हायत. तुमी टाकून दिले व्हते," ती म्हणाली. "बसा भाऊसाब."

गोधडीवर आमची सगळी कचेरी होती. जांभळी साडी, पिठाची गोणी, पडद्याची फुलं. बुधीने बसल्या बसल्या बोट ठेवलं, "ही वडखळ. ही जित्याची. ही मिठागरं." मग हिरव्या-पांढऱ्या चौकड्यांवर हात फिरवला. "आन ही आमी."

मी खिशातून कागद काढून दिला. कुठे सापडला ते सांगितलं. मिठागरांच्या कागदांत.

बुधी हसली. "म्हंजे माझा सासरा इतकी वरसं मिठात व्हता? तरीच टिकला."

मनीषा आतून आली. अंगात कंपनीचा निळा शर्ट, केस बांधलेले; सेकंड शिफ्टची निघायची वेळ. आज दोन वर्षांनंतरही ती शिफ्टलाच जाते. घर आता तिच्यावर चालतं. पुढल्या वर्षी फॉर्म भर, असं मी त्या दिवशी म्हटलं तेव्हा तिने 'बघू' म्हटलं. आमच्या खिडकीवर आम्ही जसं म्हणायचो तसं. तिने आईच्या हातातून नक्कल घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खालच्या सहीसकट.

"सही दुसऱ्याची हाय," ती म्हणाली.

"हो. मी निवृत्त झालो."

"त्या कागदावर तुमची व्हती ना, काका?"

"होती."

तिने मान हलवली. ती काही लागट बोलेल म्हणून मी वाट बघितली. तसं झालं असतं तर मी उठून गेलो असतो, माझं काम झालं असतं. पण तिने फक्त नक्कल आईकडे परत दिली, चपला घातल्या आणि म्हणाली, "आये, भिजलाय ह्यो. नीट ठेव." आणि स्टेशनच्या वाटेला लागली.

कागद खरंच माझ्या घामाने ओला झाला होता. घड्यांवर शाई जराशी पसरली होती. बुधीने तो मांडीवर सरळ केला, गोधडीवरच्या चौकड्यांच्या तुकड्यावर ठेवला आणि कोपऱ्यावरचा एक दगड उचलून त्यावर ठेवला. मग पदर डोक्यावर घेतला.

थोड्या वेळाने तिने दगड उचलला, कागद पालटला, दगड ठेवला. मागची बाजू कोरी होती. तीही तिने उन्हाला दिली.